खुदकन, खुदुखुदु आणि गालातल्या गालात: हळू हसण्याचे शब्द नेमके कसे वापरायचे

‘ती खुदकन हसली’ आणि ‘तिने स्मित केलं’ ही दोन वाक्यं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पहिल्यात आवाज आहे, दुसऱ्यात नाही. पहिलं हसणं तिच्या हातात नव्हतं, दुसरं तिने ठरवून केलं. पहिलं एका क्षणात संपलं, दुसरं फोटो निघेपर्यंत चेहऱ्यावर राहू शकतं. मुंबईत मालिकांचे संवाद, जाहिरातींचे मजकूर, डबिंग आणि सबटायटलची कामं रोज होत असतात, आणि त्यांत हसण्याचा मराठी शब्द निवडताना घोळ होतो तो बहुतेक वेळा या हळू हसण्यापाशी. मोठ्याने हसण्याचे शब्द फारसे चुकत नाहीत. खदाखदा, खो खो, गडगडाटी, सातमजली यांतलं काहीही घातलं तरी वाचणाऱ्याला चित्र दिसतं. हळू हसण्यात मात्र एक शब्द इकडचा तिकडे झाला की पात्राचा स्वभावच बदलतो. लाजरी मुलगी खवचट वाटायला लागते, प्रेमळ आजोबा आतल्या गाठीचे वाटतात.

शब्द निवडताना तीन गोष्टी तपासाव्या लागतात: आवाज आला का, हसणं किती वेळ चाललं, आणि हसणाऱ्याच्या मनात काय होतं. मराठीतल्या हळू हसण्याच्या जवळजवळ प्रत्येक शब्दात या तिन्हींची उत्तरं आधीच भरलेली असतात.

घशात काय घडतं

हसताना छातीचे आणि पोटाचे स्नायू हवा झटक्याझटक्याने बाहेर ढकलतात. अमेरिकेतले मेंदूविज्ञानाचे अभ्यासक रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी हसण्याचा आवाज यंत्रावर मोजला होता. त्यांच्या मोजणीत हसण्याचा एकेक ठोका साधारण ७५ मिलिसेकंदांचा निघाला, आणि एका ठोक्याच्या सुरुवातीपासून पुढच्या ठोक्याच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर साधारण २१० मिलिसेकंद. म्हणजे माणूस सलग हसत असेल तर एका सेकंदात चार-पाच ठोके पडतात.

खुदकन हसण्यात असा एक, फार तर दोन ठोके असतात. ओठ मिटलेले किंवा जेमतेम उघडे असतात. घशाच्या मागच्या भागातून हवेचा एक धक्का येतो, तो तोंडातल्या तोंडात अडतो आणि बराचसा नाकावाटे निघून जातो. ऐकू येतो तो आवाज ‘ख’च्या जवळचा असतो, कारण ‘ख’ हे अक्षर आपण जिभेची मागची बाजू टाळूला लावून, हवा सोडत उच्चारतो. त्यापुढचा ‘उ’ ओठ आवळून उच्चारला जातो. हा शब्द तोंडाने म्हणून पाहिला तर ओठांची आणि जिभेची ठेवण त्या हसण्याच्या बरीच जवळ जाते. व्याकरणाच्या पुस्तकांत याला ध्वन्यनुकारी किंवा नादानुकारी शब्द म्हणतात, म्हणजे आवाजाची नक्कल करून घडलेला शब्द.

हे एकदा ध्यानात आलं की बाकीचे शब्दही उलगडायला लागतात. मराठीत हसण्याच्या नादानुकारी शब्दांची तीन घरं आहेत आणि ती स्वरांवरून ओळखता येतात. ‘आ’ म्हणायला जबडा खाली येतो, तोंड उघडतं; खदाखदा, खाखा हे तोंड उघडून हसण्याचे शब्द. ‘ई’ म्हणायला ओठ दोन्ही बाजूंना ताणले जातात, दात दिसतात. खीखी, फिदीफिदी, खिदीखिदी हे दात दाखवून हसण्याचे शब्द. ‘दात काढू नकोस’ हा ओरडा फिदीफिदी हसणाऱ्यालाच बसतो, खुदकन हसणाऱ्याला बसत नाही. ‘उ’ म्हणायला ओठ मिटत येतात, म्हणून खुदकन आणि खुदुखुदु.

हसण्यापलीकडेही ‘उ’चं हे घर दिसतं. कुजबुज, पुटपुट, गुणगुण, मुसमुस, हुंदका हे सगळे दाबलेल्या, अर्ध्या मिटलेल्या तोंडाच्या आवाजांचे शब्द आहेत. याला पक्का नियम मात्र म्हणता येत नाही. ‘धुडुम’मध्येही ‘उ’ आहे आणि तो आवाज काही हळू नाही. पण नवा शब्द वाचताना किंवा दोन शब्दांत निवड करताना हा कल उपयोगी पडतो.

‘कन’ आणि द्विरुक्ती

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं थांबून बघू.

खुदकन या शब्दातला ‘कन’ हा प्रत्यय एकदाच आणि अचानक घडलेल्या गोष्टीला लागतो. टुणकन उडी मारली, धपकन पडला, डोळ्यांत टचकन पाणी आलं, पटकन उठला. या प्रत्येक वाक्यात क्रिया सुरू झाली आणि तिथेच संपली. त्यामुळे ‘कन’ असलेला शब्द चालू क्रियेबरोबर बसत नाही. ‘ती खुदकन हसत होती’ हे वाक्य कानाला खटकतं ते यामुळे. टुणकन उडी मारत होता, असं आपण एका उडीबद्दल म्हणत नाही, तसंच हे. ‘पाच मिनिटं खुदकन हसली’ हे तर अशक्यच. ‘आजी गोष्ट सांगताना मध्येच खुदकन हसायची’ हे मात्र चालतं, कारण तिथे प्रत्येक वेळचं हसणं सुटं, एकेकदाच घडलेलं आहे.

हसणं चालू असेल तर शब्द दोनदा घ्यायचा: खुदुखुदु. ‘मागच्या बाकावरच्या दोघी खुदुखुदु हसत होत्या.’ शाळेच्या व्याकरणात अशा शब्दांना अभ्यस्त शब्द म्हणतात, आणि त्यांतल्या आवाजाच्या नकलेवरून झालेल्यांना अनुकरणवाचक अभ्यस्त. खडखड, किरकिर, कडकडाट हे त्याच पंगतीतले. शब्द दोनदा आला की क्रिया पुन्हा पुन्हा होते आहे हे आपोआप कळतं. खुदुखुदुमध्ये ठोके बरेच असतात, पण प्रत्येक ठोका लहानच राहतो. आवाज वाढत वाढत गेला, तोंड उघडलं, की खुदुखुदुचं खदाखदा होतं. मधला स्वर बदलला आणि हसणाऱ्याने ताबा सोडला.

दोन्ही शब्द क्रियाविशेषणं आहेत. ती लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाहीत आणि क्रियापदाच्या शक्य तितकी जवळ बसतात. ‘खुदकन ती आईकडे बघून हसली’ यापेक्षा ‘ती आईकडे बघून खुदकन हसली’ हे बरं वाटतं, कारण पहिल्या वाक्यात खुदकन आणि हसण्याच्या मध्ये बघणं शिरतं आणि खुदकन बघितल्यासारखं होतं. हा शब्द हसण्याखेरीज दुसऱ्या कुठल्या क्रियेशी नांदत नाही. खुदकन रडत नाहीत, खुदकन बोलत नाहीत. ‘खुदकन हसू आलं’, ‘खुदकन हसू फुटलं’ ही रूपं मात्र रूढ आहेत, आणि हसणं आपोआप आलं हे सांगायला ती ‘हसली’पेक्षाही नेमकी आहेत. ‘हसली’मध्ये ती कर्ता आहे. ‘तिला हसू फुटलं’मध्ये कर्ता हसू आहे आणि ती त्याच्या तावडीत सापडलेली आहे.

मुंबईत कानावर पडणारं ‘हसी आली’ हे हिंदीतून आलेलं आहे. मराठीत हसू येतं, हसायला येतं, हसू फुटतं, हसू आवरत नाही. ‘हसू निघालं’ हेही हिंदी वाक्याची सावली घेऊन आलेलं आहे, आणि लिहिताना तरी ते टाळावं.

शेजारचे शब्द

गालातल्या गालात हसणं यात आवाज अजिबात नसतो. ओठ मिटलेले, गाल किंचित वर आलेले, डोळ्यांच्या कोपऱ्यांत थोडी हालचाल. ‘कन’सारखी क्षणाची अट इथे नाही, माणूस पूर्ण सभा गालातल्या गालात हसत काढू शकतो. खुदकनपेक्षा याचा खरा फरक मनातल्या गोष्टीचा आहे. खुदकन हसणाऱ्याला हसू लपवता आलेलं नसतं. गालातल्या गालात हसणारा ते लपवत असतो. त्याला काहीतरी कळलेलं असतं जे समोरच्याला कळलेलं नाही, किंवा निदान समोरच्याला दाखवायचं नाही. म्हणून हा वाक्प्रचार प्रेमातही चालतो आणि डावपेचातही. ‘गालात हसणे’ असं नुसतं म्हटलं तर ती लपवाछपवी कमी होते आणि गोडवा उरतो; ‘गालात खुदकन हसली’ असंही म्हणतात, आणि तिथे मिटल्या ओठांतून जेमतेम आवाज आला एवढाच अर्थ घ्यायचा.

मिशीतल्या मिशीत हसणं याच घडणीचं आहे. वयाने, अधिकाराने मोठा पुरुष, समोरचा काहीतरी पोरकट बोलतो आहे, आणि त्याला ते बोलू देऊन हा मनातून मजा घेतो आहे. मिशी नसलेल्या माणसालाही हे लावलं जातं. मनातल्या मनात हसणं त्याच्याही पलीकडचं, कारण ते बाहेर दिसतच नाही. म्हणून पटकथेत ‘सुमन मनातल्या मनात हसते’ असं लिहून उपयोग होत नाही. कॅमेऱ्याला दिसेल असं काहीतरी लिहावं लागतं: ओठ दाबते, मान वळवते, पदर तोंडाला लावते.

स्मित हा संस्कृत शब्द. आवाज नाही, दात दिसत नाहीत, माणूस पूर्ण ताब्यात आहे. त्यामुळे तो औपचारिक प्रसंगाला शोभतो आणि घरगुती प्रसंगात कडक वाटतो. ‘बाळाने स्मित केलं’ हे वाचताना बाळाने सफारी घातल्यासारखं वाटतं. ‘स्मितहास्य’ हे रूप फार पसरलेलं आहे आणि ते चूक ठरवण्यात अर्थ नाही, पण स्मित म्हणजेच मंद हसणं असल्यामुळे साध्या लिखाणात स्मित एकटं पुरतं. इथे एक व्याकरणाचा फरकही सांभाळायचा: ‘ती हसली’, पण ‘तिने स्मित केलं’. ‘तिने हसली’ असं कधीच होत नाही. बोलण्यात ‘त्याने मला स्माईल दिली’ सर्रास चालतं, आणि परळपासून पालघरपर्यंत कुणाचा त्यावर आक्षेप नसतो. संवादात ते खुशाल ठेवावं. निवेदनात मात्र त्याने लेखक आणि पात्र यांची भाषा एकच होऊन जाते.

फिसकन हसणं, काही जण फस्सकन म्हणतात, हे दाबलेलं हसू निसटण्याचं नाव आहे. छातीतून हवेचे धक्के येत असतात, माणूस ओठ घट्ट मिटून ते अडवतो, तोंडात दाब वाढतो आणि शेवटी ओठांच्या फटीतून हवा सुटते. तोंडात चहा असेल तर तोही सुटतो. म्हणजे ही सुरुवात हळू हसण्याची आणि शेवट फजितीचा. वर्गात, शोकसभेत, साहेबांच्या केबिनमध्ये, जिथे हसणं बरं दिसत नाही अशाच जागी हा शब्द खुलतो. मोकळ्या मैफलीत कुणी फिसकन हसत नाही, कारण तिथे दाबायचं कारणच नसतं.

फिदीफिदी, खीखी आणि खिदळणं यांना ‘हळू हसणं’ समजून वापरणं ही भाषांतरात नेहमी दिसणारी चूक. आवाज बारीक असतो म्हणून ते हळू वाटतं. पण या शब्दांत बोलणाऱ्याची नापसंती भरलेली आहे. ‘फिदीफिदी हसतोस काय?’ हा प्रश्न रागाचाच असतो. नायिका नायकाकडे बघून फिदीफिदी हसली असं लिहिलं तर लेखकाला ती आवडत नाही असा अर्थ निघतो. खिदळणं थोडं सौम्य आहे. त्यात मुलांचा घोळका, दंगा आणि मोठ्यांची लटकी तक्रार असते. एकटं माणूस सहसा खिदळत नाही.

हळू हसण्याचे सगळेच प्रकार आनंदाचे नसतात, हेही ध्यानात ठेवायला हवं. कसनुसं हसणं, ओशाळं हसणं, केविलवाणं हसणं यांत ओठ हसतात आणि डोळे हसत नाहीत. फ्रान्समधले डॉक्टर द्युशेन यांनी १८६२ साली चेहऱ्याच्या हालचालींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. ओठांचे कोपरे वर खेचणारा स्नायू आपण इच्छेने हलवू शकतो, पण डोळ्याभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदात आकसतो, हे त्यांनी त्यात दाखवलं. मराठीत हा भेद विशेषणाने होतो. ‘तो हसला’पुढे कसनुसा, ओशाळा, छद्मी किंवा कुत्सित असा शब्द आला की वाचणारा समजतो की गालाच्या वरचा भाग हललेला नाही. खुदकनला यांतलं कुठलंही विशेषण जोडता येत नाही. ‘कुत्सितपणे खुदकन हसला’ हे वाक्यच उभं राहत नाही. खुदकनमध्ये कपट बसत नाही, आणि हाच त्याचा सगळ्यात मौल्यवान गुण आहे. एखाद्या कठोर माणसाला लेखकाने एकदाच खुदकन हसवलं तरी वाचणारा त्याला निम्मा माफ करून टाकतो.

‘मला हसली’ आणि ‘माझ्याकडे बघून हसली’

हसणे या क्रियापदाला ‘ला’ लागला की अर्थ टिंगलीचा होतो. ‘लोक त्याला हसले’ म्हणजे त्याची चेष्टा केली. त्यावरूनच हसं होणं, हसं करून घेणं हे वाक्प्रचार आले. ओळखीचं, प्रेमाचं हसणं सांगायचं असेल तर ‘त्याच्याकडे बघून हसली’ असं म्हणायला लागतं. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन वेगळी क्रियापदं आहेत. मराठीत क्रियापद एकच आहे आणि भेद विभक्ती करते. सबटायटलमध्ये जागा वाचवायला ‘ती मला हसली’ असं लिहिलं जातं आणि नुकतं जुळू लागलेलं प्रेम त्या एका ओळीत अपमान होऊन बसतं. ‘मला बघून हसली’ हे मधलं रूप दोन्हीकडे झुकू शकतं. तिथे खुदकन घातलं की शंका मिटते: ‘मला बघून खुदकन हसली’ यात टिंगल उरत नाही.

नामांतही असाच भेद सांभाळावा लागतो. हसू एकट्याचं, हशा अनेकांचा. ‘हशा पिकला’ म्हणायला सभा लागते. खसखस पिकणंही समूहाचंच. एकट्या माणसाची खसखस पिकत नाही.

नाट्यशास्त्रातल्या सहा पायऱ्या

भरताच्या नाट्यशास्त्रात, सहाव्या अध्यायात, हास्यरसाचे सहा प्रकार दिलेले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या पात्रांना, मधले दोन मध्यम आणि शेवटचे दोन अधम प्रकृतीच्या पात्रांना दिले आहेत. माणसांची ही उतरंड आज कुणी मानू नये, पण अंगाच्या हालचालींचं वर्णन अजूनही नटाच्या कामाचं आहे. स्मितात गाल किंचित फुलतात आणि दात दिसत नाहीत. हसितात चेहरा आणि डोळे फुलतात, दात थोडे दिसतात. विहसितात डोळे आणि गाल आकसतात, चेहऱ्यावर लाली येते आणि मधुर आवाज येतो. उपहसितात नाकपुड्या फुलतात, नजर वाकडी होते, खांदे आणि डोकं झुकतं. अपहसित अवेळी येतं, डोळ्यांत पाणी आणतं, खांदे हलवतं. अतिहसित कर्कश, आणि हसणारा कुशी धरतो.

यात आवाज पहिल्यांदा येतो तो विहसितात. आपलं गालातल्या गालात हसणं स्मितापाशी बसतं, आणि खुदकन हसित आणि विहसित यांच्या उंबरठ्यावर. आजच्या मराठीतला ‘उपहास’ हा शब्द उपहसितच्याच धातूचा असला तरी त्याचा अर्थ आता सरळ टवाळी असा झाला आहे. दोन्हींची गल्लत करू नये.

रंगमंचावर आणि माईकसमोर

दादरच्या शिवाजी मंदिरात किंवा पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात विनोदी नाटक चालू असताना नटाला प्रेक्षागृहातून तीन तऱ्हेचे आवाज येतात. हशा आला तर नट थांबतो, तो उतरायला लागला की पूर्ण विरायच्या आत पुढचं वाक्य उचलतो. टाळ्यांसकट हशा आला तर जास्त थांबतो. पण नुसती खुदुखुदु आली, इथे चार, तिथे सहा, तर थांबायचं नसतं. नवखे नट तिथेही थांबतात आणि मग शांतता पडते, कारण खुदुखुदुला पुढे जायला नवं खाद्य लागतं. ते मिळालं की दोन-तीन वाक्यांनी तिचाच हशा होतो. थांबल्यामुळे प्रेक्षकाला वाटतं की इथे मोठ्याने हसायला हवं होतं, आणि तो सावध होऊन हसायचा थांबतो.

डबिंगमध्ये खुदकन द्यायचं तर नट सहसा ‘हं’ किंवा ‘ही’ असं अक्षर उच्चारून हसतो आणि ते वाचल्यासारखं ऐकू येतं. करायची पद्धत अशी: आधी अर्धा श्वास घ्यायचा, पूर्ण नाही. ओठ सैल मिटायचे. पोट एकदाच आत ओढायचं, म्हणजे हवा नाकातून आणि थोडी घशातून येते. मग लगेच श्वास थांबवायचा. पूर्ण श्वास घेतला तर एक ठोका देऊन थांबता येत नाही आणि त्याचं खुदुखुदु होतं. ओठ घट्ट आवळले तर दाब साठतो आणि फिसकन होतं. माईकपासून तोंड थोडं तिरकं ठेवायला हवं, नाहीतर नाकातल्या हवेचा फटका थेट माईकवर बसतो. गालातल्या गालात हसण्याला डबिंगमध्ये आवाजच द्यायचा नसतो. पण त्यानंतर वाक्य असेल तर ते ओठ किंचित ताणलेले ठेवून म्हणायचं. ओठ ताणले की आवाज उजळ होतो, आणि ऐकणाऱ्याला बोलणारा हसतमुख असल्याचं न बघता कळतं.

इंग्रजी पटकथेत हसण्याच्या सूचना असतात त्यांना ठरलेले प्रतिशब्द शोधत बसू नये. मोठा माणूस काहीतरी आठवून छातीतल्या छातीत हसला, तर ‘स्वतःशीच हसला’ हे मराठीत सहज बसतं. लहान मुलांचं, मैत्रिणींचं हसणं असेल तर खुदुखुदु. दुसऱ्याच्या फजितीवर दाबून हसणं असेल तर फिसकन. ओठाचा एकच कोपरा वर गेला आणि मनात कपट असेल तर छद्मी. प्रसंग बघून शब्द घ्यायचा, सूचनेतला शब्द बघून नव्हे.

हास्यक्लबातलं मौन हास्य हे आणखी वेगळं. हास्यक्लबाची सुरुवात मुंबईचीच, डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीत, लोखंडवाला भागातल्या बागेत, पाच जणांना घेऊन पहिला क्लब सुरू केला. तिथल्या मौन हास्यात तोंड मोठं उघडून, आवाज न करता, ठरवून हसतात. आवाज नाही म्हणून त्याला कुणी गालातल्या गालात हसणं म्हणू नये. तिथे तोंड उघडं आहे आणि लपवण्यासारखं काहीच नाही.

बाळ खुदकन कधी हसतं

खुदकन हा शब्द लहान मुलांना सगळ्यात जास्त लावला जातो, आणि तिथेही आवाजाची अट आहे. पहिल्या काही आठवड्यांत बाळ झोपेत हसतं. घरातली मोठी माणसं त्याला ‘सटवाई हसवते’ म्हणतात. ते ओठांचं आपोआप हलणं असतं. साधारण सहा ते आठ आठवड्यांचं झालं की बाळ चेहरा बघून हसायला लागतं, पण तेही बिनआवाजाचं. आवाज करून हसणं साधारण तीन-चार महिन्यांच्या सुमारास येतं. म्हणून दीड महिन्याच्या बाळाबद्दल ‘गालात हसलं’ म्हणावं आणि चार महिन्यांच्या बाळाबद्दल ‘खुदकन हसलं’. बारशाचं वर्णन लिहिताना बहुतेकांचं इथे चुकतं.

मोठ्यांना हा शब्द लावायला काहीच हरकत नाही. तो फक्त मुलींचा शब्द आहे ही समजूत लग्नाच्या आणि प्रेमाच्या लिखाणाने करून दिलेली आहे. ‘सत्तरीचे आजोबा खुदकन हसले’ हे वाक्य उत्तम मराठी आहे, आणि त्यात त्या वयातला निरागसपणा एका शब्दात येतो.

लिहिताना

खुदकन एकसंध लिहायचा. फोनच्या कीबोर्डला हा शब्द माहीत नसला की तो ‘खुद कन’ असे दोन तुकडे करतो किंवा ‘खुद्द’ सुचवतो. खुद्द म्हणजे स्वतः, त्याचा याच्याशी संबंध नाही. जुन्या छपाईत शेवटच्या ‘न’चा पाय मोडून ‘खुदकन्’ लिहिलेलं सापडतं. आज पटकन, चटकन यांच्याप्रमाणे पाय न मोडता लिहितात.

खुदुखुदु ऱ्हस्व की दीर्घ, हा प्रश्न नेहमी येतो. मराठी शब्दाच्या शेवटचा ‘उ’ दीर्घ लिहायचा हा सर्वसाधारण नियम, त्यामुळे हळूहळू, मुळूमुळू असे शब्द दीर्घ. पण मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांत नादानुकारी द्विरुक्त शब्दांना सूट आहे: लुटुलुटु, दुडुदुडु, रुणुझुणु हे ऱ्हस्व लिहावेत असं तिथे म्हटलं आहे. खुदुखुदु त्याच जातीचा असल्यामुळे चारही ‘उ’ ऱ्हस्व. फिदीफिदी मात्र दीर्घच रूढ आहे. तो तसाच ठेवावा, उगाच ऱ्हस्व करायला जाऊ नये.

दादर-गिरगावच्या ग्रंथालयांतल्या जुन्या पुस्तकांत ‘हंसणें’, ‘हंसूं’ असं अनुस्वारासह छापलेलं दिसेल. १९६२ साली शासनाने महामंडळाचे नियम स्वीकारले, त्यांत उच्चारात नसलेले अनुस्वार गेले आणि ‘हसणे’, ‘हसू’ ही रूपं आली. जुना मजकूर तसाच उद्धृत करताना अनुस्वार ठेवावा. आपल्या वाक्यात तो आला तर हसणाऱ्याचा हंस होतो.